सिलिंडर थंड जागी ठेवा

मंगळवार, ३ तारीख

नाही, आधी तू माझं ऐक. दादा, तुलाच म्हणतेय. तू ही डायरी चोरून वाचतोस हे मला माहीत आहे, मागच्या पानावर तुझ्या बोटांचं मशीनचं काळं तेल लागलंय. वाचतोसच तर आज नीट वाच, कारण जेवताना तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

"इतकी वर्षं सिलिंडर उन्हातच होते ना, फुटला का एखादा?" हा तुझा मुद्दा. न बघता रस्ता ओलांडणारा माणूससुद्धा मरेपर्यंत जिवंतच असतो, दादा.

आपला सोड्याचा कारखाना आहे. सोड्यात जो कार्बन डायऑक्साइड जातो तो त्या लोखंडी सिलिंडरांत दाबून दाबून, पार पाण्यासारखा पातळ करून भरलेला असतो. तापला की आतला दाब वाढतो. आणि आपले सिलिंडर कुठे, तर मागच्या अंगणात, पत्र्याच्या भिंतीला टेकून, भर उन्हात. तोंडावरच्या लोखंडी टोप्या काढलेल्या. साखळी नाही. एक तर आडवा पाडून तू त्याचा बाक केलायस. दुसऱ्यावर बनियन वाळत घालतोस.

बाबा म्हणाले होते, "शिकलीयेस ना एवढी, मग सिलिंडरांचं तू बघ." म्हणून बघतेय. तर आता सगळेच, "प्रोफेसर, जरा दमानं." दमानं काय? सिलिंडरवर स्पष्ट छापलंय, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, थेट ऊन लागू देऊ नका. अख्ख्या कारखान्यात थंड आणि कोरडी जागा एकच आहे, तळघर. शेवटी बाबा हो म्हणाले. म्हणजे "कर काय करायचं ते" म्हणाले. आपल्या घरात ह्यालाच हो म्हणतात.

शनिवार, ७

झालं एकदाचं. अंग मोडून आलंय.

गॅसच्या गाडीवरचा माणूस मदतीला होता. त्याला सगळे पैलवान म्हणतात, आहे मात्र काडीसारखा. सिलिंडर ओढायचा नाही, किंचित तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचा, हे त्यानं दादाला दाखवलं. दादानं तरी एक पायरीवर आपटलाच. मी ओरडले. "टोपी आहे ना घातलेली," दादा म्हणाला. टोपी घाल म्हणून कोण ओरडत होतं, हे कोणी लक्षात ठेवत नाही.

आता सगळे उभे आहेत. प्रत्येकाला भिंतीशी साखळी. डावीकडे 'भरलेले', उजवीकडे 'रिकामे', खडूनं लिहिलंय. चालू सिलिंडरचा पाइप जमिनीतल्या भोकातून वर मशीनला जातो. पाइप थोडा कमी पडला, दादानं क्रेटच्या मागे एक तुकडा जोडून क्लिप आवळली.

तळघराला अंगणाच्या पातळीवर एक खिडकी आहे, वहीएवढी. दुपारी तिच्यातून ऊन बरोबर सिलिंडरांवर पडतं. अंगणातलं ऊन टाळायला एवढा खटाटोप करायचा आणि इथे पुन्हा ऊन, हे मला झेपणारं नव्हतं. फळी ठोकली. दारालाही नवा घट्ट पल्ला आणि कुलूप, म्हणजे कोणी उगाच आत शिरायला नको.

आत्या सोडून. आत्या बाबांची मोठी बहीण. आई गेल्यापासून घर आणि कारखाना दोन्ही तिच्याच धाकात चालतात. धुतलेल्या बाटल्या दिव्यासमोर धरून तडा आहे का बघणं हे तिचं काम, आणि ते ती तळघरातच करते, ठेंगण्या स्टुलावर बसून, गुणगुणत.

"ह्या ढोल्यांना माझ्याच उरावर का आणून बसवलंस?" तिनं विचारलं.

"सुरक्षित आहेत इथे, आत्या."

"ते सुरक्षित आहेत गं. माझं काय? माझा उजेड गेला."

तिला नवी ट्यूब लावून दिली. तिनं ट्यूबकडे असं पाहिलं, जसं नकोशा पाहुण्याकडे पाहतात.

सोमवार, ९

गॅसवाल्यांनी सूचनांचा कागद दिला होता, तो पुन्हा वाचला. जागा हवेशीर हवी म्हणे. लगेच तळघरात टेबलफॅन लावला. कोणी म्हणायला नको की अर्धवट केलं.

सिलिंडर जोडला की तोंडाशी साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले तर गळती. तेही रोज करते. एक बुडबुडा नाही. रोज काम संपलं की खाली जाऊन सिलिंडरचा कॉक मीच बंद करते. दादा म्हणतो, "आता त्यांना अंगाईसुद्धा म्हण."

गुरुवार, १२

सिलिंडर आजच संपला. अंगणात होता तेव्हा आठवडाभर सहज पुरायचा.

मीटरवर कळत नाही, हीच तर मेख आहे. आत पातळ गॅसचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा तिथल्या तिथेच, आणि मग अचानक खाली. आत किती आहे हे वजनावरूनच कळतं. म्हणजे भरताना कोणी कमी भरलं तर आपल्याला पत्ताच लागणार नाही. ही पळवाट कोणाच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही.

आत्याचं डोकं दुखतंय. ट्यूबनं दुखतं म्हणे. पंखा तिनं बंद करून ठेवलाय, गुडघ्यांना वारं लागतं. काही नवीन केलं की हिचा एक एक अवयव संपावर जातो.

सोमवार, १६

पुन्हा संपला. गॅसच्या डेपोत फोन केला. तिथला साहेब म्हणाला, भरताना वजन करूनच भरतो. मी म्हटलं, मग वाटेत कोण पितं? तक्रार लिहून घ्या. नाव कोणाचं, त्यानं विचारलं. गाडीवरच्या माणसाचं, मी म्हटलं. दुसऱ्या कोणाचं सांगणार?

आत्याशी भांडण. खरं तर भांडण नाही, भांडायला ती पूर्वीसारखी उरली कुठे.

"खाली बसलं की धाप लागते मला," म्हणाली. "उठून उभी राहिले की जरा बरं."

"जगातली माणसं उठताना धापा टाकतात, आत्या. तुझं उलटंच."

"आणि नाकात झोंबतं. सोडा घाईनं प्यायल्यावर कसं होतं, तसं."

"सोड्याच्या कारखान्यात जन्म गेला तुझा. आता झोंबायला लागला?"

ती हसली नाही. एरवी ह्यावर तिनं मला उभी आडवी चिरली असती. तिला सिलिंडर परत अंगणात हवेत, सरळ सांगत नाही, दुखण्यातून सांगते. मी काही विरघळणार नाही.

बुधवार, १८

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून शेजारच्या भंगारवाल्याचा मोठा वजनकाटा आणवून ठेवला. पैलवान आला तो तोंड पाडूनच.

"चढवा काट्यावर," मी म्हटलं.

सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं. ते वजा केलं. गॅस बरोबर भरला. पुन्हा चढवायला लावला. पुन्हा बरोबर.

"मॅडम, आता माझे खिसे बघता का?" पैलवान म्हणाला. "गॅस भरून नेत असेन."

"एखादा दिवस बरोबर असणारच. काटा ठेवलाय हे कळलं असेल."

"मला कोण सांगणार? असो. उद्यापासून ह्या रस्त्याला दुसरा माणूस येईल. तुमची तक्रार पोचली." मग सिलिंडर साखळीला बांधून, साखळी ओढून बघून गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, रागच आला. त्यानं चोरला नाही, तर गॅस जातो कुठे? खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही तसं झालंय. सोडा तेवढाच, बाटल्या तेवढ्याच.

शुक्रवार, २०

आज मशीनवर बाटली फुटली. भरता भरता. काच दादाच्या मनगटाला लागली, थोडक्यात निभावलं. तडकलेली बाटली आत्याच्या नजरेतून निसटली होती. क्रेट तपासला तर आणखीही निघाल्या.

बाबा तळघराच्या दारातूनच ओरडले, "ताई, दिसत नसेल तर सांगत जा ना. पोराचा हात गेला असता."

आत्या वर आली, चेहरा घामेजलेला. "डोळा लागला असेल रे," म्हणाली. आत्याचा, कामावर, डोळा. आत जाताना बाबा मला म्हणाले, "वय झालं तिचं. धाकटीकडे पाठवायचं का, विचार करायला हवा." धाकटी आत्या लांब राहते, तिच्याकडे माणसं खूप आणि काम काहीच नाही. आत्या तिथे आठ दिवसांत वाळून जाईल. मनात म्हटलं, बसायचंच नसेल तिला कामावर, तर जाऊ दे.

आणि दादा, हे तुझ्यासाठी. तुझा तो वेल्डिंगवाला मित्र हाच गॅस वापरतो. तळघराची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते. बाकी तू सुज्ञ आहेस.

शनिवार, २१

वाचलंस तर.

"माझ्याच घरात मी चोरी करीन?" संध्याकाळी काम आवरता आवरता दादा सगळ्यांसमोर म्हणाला.

"मग तू सांग गॅस कुठे जातो."

"मला काय माहीत? प्रोफेसर तू. अंगणात होते तेव्हा पुरत होता, तू खाली नेलास आणि पुरेनासा झाला. म्हणजे चोर मी. वा गं वा."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. किल्ली दे."

त्यानं किल्ली जमिनीवर टाकली. मी उचलली, हा खरा अपमान. बाबा म्हणाले, दोघांनी तोंडं बंद करा. आत्या मधे पडेल असं वाटलं, ती खांबाला टेकून नुसती उभी होती.

डोकं इतकं तापलं होतं की आज खाली उतरलेच नाही. वरूनच दार ओढून कुलूप ठोकलं. नवा सिलिंडर आज दुपारीच लावलाय, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात, उद्या रविवारची सुट्टी. आता बघते कसा संपतो ते.

सोमवार, २३

दवाखान्याचा व्हरांडा. आत्या आत आहे.

सकाळी ती किल्ली मागायला आली. मी दादाकडे पाठ करून बसले होते, न बघता किल्ली तिच्या हातात कोंबली. मग बाटल्या वर येईनात. दादानं हाक मारली, उत्तर नाही. मी म्हटलं, रुसली असेल शुक्रवारचं धरून. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हाही मी हेच म्हटलं.

दादा धावत खाली गेला. त्याची हाक ऐकू आली, विचित्रच, अर्धी. मी पायऱ्यांवर पोचले तेव्हा तो आत्याला खांद्यावर टाकून वर येत होता आणि त्याचे पाय कुठेच्या कुठे पडत होते. मी चार पायऱ्या उतरून आत्याचा दंड धरला. तेवढ्यातच माझ्या नाकात कचकन झोंबलं आणि छाती भात्यासारखी हलायला लागली. तिघं कसेबसे वर येऊन पडलो. दादाचे ओठ जांभळट झाले होते. अंगणात तो ओकला.

आत्या श्वास घेत होती. इथे ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांनी विचारलं, कोंदट जागेत होत्या का. बाबा म्हणाले, "छे, चांगली थंड असते जागा."

डॉक्टर म्हणाले, ह्या वयात काहीही होऊ शकतं, तपासण्या करू.

बाबा मान हलवतायत. दादा बाकावर डोकं धरून बसलाय. नाकातलं ते झोंबणं काही जात नाही.

मंगळवार, २४

आत्या बोलली. चहा मागितला, आणि चहाला नावं ठेवली. बरी आहे.

मी तिथून सरळ कारखान्यात आले. एकटी. तळघराचं दार काल घाईत उघडंच राहिलं होतं. आत गेले नाही. अंगणातून खिडकीची फळी उचकटली, कारखान्यातला दुसरा पंखा पायरीच्या वर ठेवून आत तोंड करून सोडला आणि अंगणात बसून राहिले. बसून राहणं मला जमत नाही. ऊन पार भिंतीवर चढेपर्यंत बसले.

मग उतरले. शनिवारी लावलेला सिलिंडर तिरका करून पाहिला. हलका. रिकामा. रविवारी एक बाटली भरली नव्हती. किल्ल्या माझ्या खिशात. पैलवान ह्या रस्त्याला नाही. दादा कुलपाच्या बाहेर.

कॉक उघडा होता. शनिवारी बंद करायचा राहिला, तो मी बंद करायचा होता.

दुसरा सिलिंडर लावला. तोंडाशी फेस, एक बुडबुडा नाही. रोजच्यासारखंच. मग फेसाची वाटी घेऊन पाइपवर हात फिरवत निघाले, इंच इंच. क्रेट सरकवले. त्यांच्या मागे, दादानं तुकडा जोडला होता तिथे, साबण फुगला. नुसता बुडबुडा नाही, बाटली हलवून उघडल्यावर येतो तसा फेस, येतच राहिला. जागा आत्याच्या स्टुलापासून हाताच्या अंतरावर. कॉक बंद करून मी वर पळाले.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वास नाही, रंग नाही. खाली साचत जातो, पाण्यासारखा. पाण्याला निदान बघता येतं. खिडकी होती तोवर काही निघून गेला असता. पंखा चालू असता तरी बंद दाराआड तीच हवा घुसळणार, दुसरं काय करणार.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. बारा तारीख वाचली. सोळा तारीख वाचली. आत्यानं सगळं सांगितलं होतं, अगदी नीट, आणि मी तिला प्रत्येक वेळी टोमणा मारून परत खाली पाठवलं.

बुधवार, २५

आत्या घरी आली. बाबांनी धाकट्या आत्याला फोन केलाय, येत्या शनिवारी पोचवायचं ठरलं. आत्यानं ऐकून घेतलं. "बरोबर आहे रे, मला आता होत नाही," म्हणाली. ह्या बाईच्या तोंडून मी जन्मात असं वाक्य ऐकलं नव्हतं.

आता सगळे आतल्या खोलीत बसलेत. मी पुढे लिहितेय ते उभं राहून वाचून दाखवणार आहे, कारण नुसतं बोलायला गेले तर तुम्ही मधे बोलाल आणि मी भांडायला लागेन.

बाबा, परत फोन करून नको म्हणून कळवा. आत्याचं वय झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण त्यानं नाही पडली ती. तळघरात गॅस साचत होता. पाइपच्या जोडातून गळत होता आणि निघायला वाट नव्हती, कारण खिडकी मी बंद केली, दार मी घट्ट केलं, आणि शनिवारी कॉक मी बंद केला नाही. बाटल्या निसटल्या त्या तिच्या डोळ्यांमुळे नाही, तिला आत धड श्वास मिळत नव्हता. डॉक्टरांना मी सकाळी जाऊन सांगून आलेय. त्यांनी सगळं पुन्हा लिहून घेतलं आणि मला विचारलं, आधी का नाही सांगितलंत. आधी मला कळलं नव्हतं, म्हटलं. कळलं नव्हतं हे खरं आहे, पण ते बोलताना फार खोटं वाटलं.

सिलिंडर परत वर येतील. उन्हात नाही, अंगणात छप्पर घालायचं, बाजू मोकळ्या, साखळ्या आणि टोप्या तशाच. ते होईपर्यंत मशीन बंद. ह्यावर वाद नको. पाइपसुद्धा अखंड आणायचा.

दादा, तू चोर नाहीस. ते मी लिहिलं आणि बोलले, दोन्ही परत घेते. जोड तू नीट आवळला नव्हतास हेही खरं, पण तपासायचं माझ्याकडे होतं आणि मी भलतीकडेच साबण लावत बसले. आणि पुन्हा कोणी असं खाली पडलेलं दिसलं तर धावत आत जायचं नाही. आधी बाहेरच्यांना बोलाव, हवा जाऊ दे. परवा तू तिच्या शेजारी पडला असतास तर मी तिसरी आले असते. चौथे बाबा. तू तिला आणलंस. मी वर उभी राहून म्हणत होते, रुसली असेल.

पैलवानाचा रस्ता माझ्या तक्रारीनं गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. मी आत्ता डेपोत चाललेय. त्या साहेबापुढे सांगणार, तक्रार खोटी होती, आणि पैलवानालाही समोर बोलावून सांगणार. तो काय म्हणेल ते म्हणेल.

आत्या, तुझ्याशी शेवटी बोलतेय कारण तुझ्याकडे बघून मला वाचता येणार नाही. तू खाली बसलं की धाप लागते म्हणालीस. मी तुला जग कसं चालतं ते शिकवलं. तू कुठेही जायचं नाहीस. बाटल्या वर अंगणाच्या दारात बसून बघ, तिथे उजेड आहे.

तू आता म्हणशील, जाऊ दे गं, पोरीनं भल्यासाठीच केलं. मला माहीत आहे तू तेच म्हणशील, तुझं तोंड उघडलंसुद्धा असेल. ते मला ऐकायचं नाहीये. चपला घातल्यात. निघाले.